आमच्या गावाचे भांडेघर : एक लग्न, एक दहावे आणि वर्षभराचा अनुभव

पांझरा नदीच्या काठी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आमचे गाव आहे आणि गावात मारुतीच्या पारामागे दोन खणांची एक जुनी दगडी खोली आहे. तिच्या दारावर पाटी नाही, तरी लहान मुलाला विचारले तरी ते भांडेघराची वाट दाखवते. लग्न, साखरपुडा, बारसे, दहावे, सप्ताहाचा काला, भंडारा अशा कुठल्याही कार्याला लागणारी मोठी भांडी गावाने वर्गणीतून आणि देणग्यांतून जमवून या खोलीत ठेवली आहेत आणि ती नाममात्र भाड्याने घरोघरी दिली जातात. गेल्या वर्षभरात आमच्या घरच्या दोन कार्यांसाठी मी ही सेवा वापरली. वैशाखात पुतणीचे लग्न झाले, त्याची तारीख आम्ही महिनाभर आधी नोंदवली होती. कार्तिकात सासूबाई गेल्या, तेव्हा मात्र मध्यरात्री दार ठोठवावे लागले. दोन्ही वेळचा अनुभव गाठीशी असल्यामुळे या सेवेविषयी सविस्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

आधी खोलीत काय आहे ते सांगते. डाव्या भिंतीशी पितळेचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे गंज, म्हणजे मोठी उभट पातेली, एकात एक रचून ठेवलेले असतात. त्यांतले सर्वांत मोठे दोन पितळी गंज प्रत्येकी शंभर लिटरचे आहेत आणि रिकामा गंजही दोन माणसांनीच उचलावा लागतो. समोरच्या फळ्यांवर लोखंडी कढया, पराती, काथरोटी, झारे, सराटे, वाढायची ओगराळी आणि झाकणांच्या बादल्या आहेत. उजव्या हाताला पोत्यांत बांधलेली सहाशे स्टीलची ताटे, तेवढ्याच वाट्या आणि पेले. कोपऱ्यात पाण्याची पिंपे, सतरंज्या, दोन घंगाळी आणि लोखंडी तिवया. ताटवाटीपेल्याच्या एका संचाला एक रुपया, मोठ्या गंजाला तीस रुपये, सतरंजीला पाच रुपये, असे दिवसाचे भाडे आहे. आमच्या लग्नाला पाचशे माणसांचे जेवण होते आणि दोन दिवसांचे सगळे मिळून भाडे दीड हजार रुपयांच्या आत बसले. एवढ्या पैशांत हल्ली मांडवाची एक कनातसुद्धा येत नाही.

पण स्वस्ताईसाठी मी हे लिहीत नाही. या भांडेघरात जी मोजणी होते, ती मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. भांडी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळा गाव आबा म्हणतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मी आणि माझे दीर भांडी न्यायला गेलो, तेव्हा आबांनी पोते उघडून ताटे जमिनीवर पंचवीस-पंचवीसच्या चळतींत मांडली, प्रत्येक चळत आमच्याकडून मोजून घेतली, पोचा पडलेली चार ताटे बाजूला काढून त्यांची वेगळी नोंद केली आणि मगच वहीवर सही घेतली. मला घाई होती. मेंदीवाली घरी येऊन बसली होती. मी म्हटले, "आबा, तुमच्यावर विश्वास आहे, असू द्या." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ताई, मोजीसन लई जा, मोजीसन लई या." म्हणजे मोजून न्या, मोजून आणा. त्यांनी उरलेल्या वाट्याही तितक्याच सावकाश मोजल्या आणि आम्ही उभे राहिलो.

या सावकाशपणाची किंमत मला ठाऊक आहे, कारण तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या घरच्या कार्याला आम्ही तालुक्याच्या गावच्या एका खासगी ठेकेदाराकडून भांडी आणली होती. त्याच्या माणसाने टेम्पोतून पोती उतरवली, कागदावर आकडे आधीच लिहिलेले होते, आणि मोजायला कोणालाच सवड मिळाली नाही. परत करताना चाळीस पेले कमी असल्याचे सांगून त्याने अनामत रकमेतून पैसे कापले. पेले खरोखर हरवले होते की मुळात आलेच नव्हते, हे आजतागायत आम्हाला कळलेले नाही, आणि त्या चाळीस पेल्यांवरून दोन जावांमध्ये जो अबोला धरला गेला तो दिवाळीपर्यंत टिकला. भांडेघरातून आणलेल्या सामानात आमच्याकडून तीन वाट्या आणि एक ओगराळे हरवले. आबांनी वही उघडून आकडा दाखवला, आम्ही नवी वस्तू आणून दिली आणि विषय तिथेच संपला. हरवलेल्या वस्तूच्या बदल्यात पैसे घ्यायचे नाहीत, तशीच वस्तू आणून द्यायची आणि पितळेची असेल तर वजनाने भरून द्यायची, हा इथला नियम आहे. नियम साधा आहे आणि तो सरपंचाच्या घरालाही लागू आहे.

आमच्या भागात ही शिस्त आकाशातून पडलेली नाही, असे मला नेहमी वाटते. पांझरेच्या खोऱ्यात फड बागायतीची जुनी पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यायचे आणि पाटातला गाळ काढायला बागायतदारांनी मिळून जायचे, अशी ती व्यवस्था. माझे सासरे सांगत की पाण्याची पाळी मोडणाऱ्याला चार लोकांसमोर उत्तर द्यावे लागे. आता घरोघरी विहिरी आणि मोटारी झाल्या, फडाचा जोर ओसरला, पण सामाईक वस्तू पाळीने वापरायची आणि पुढच्यासाठी नीट ठेवायची ही सवय या खोलीत शिल्लक आहे. वैशाखात एका तारखेला तीन लग्ने आली की आबा तिन्ही घरच्या माणसांना पारावर बसवतात आणि कोणाला मोठा गंज सकाळी हवा, कोणाला संध्याकाळी, हे त्यांच्याच तोंडून ठरवून घेतात. आमच्या लग्नाच्या दिवशी सकाळच्या पंगतीचे वरण उरकताच एक गंज घासून दुपारी दोनला दुसऱ्या मांडवात पोहोचवायचा होता. आमच्या आचाऱ्याने थोडी कुरकुर केली, पण गंज वेळेत गेला.

वरणाचा विषय निघाला म्हणून भांड्यांच्या गुणाबद्दल सांगते. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते. गव्हाच्या जाडसर पिठात थोडा मका, ओवा, हळद आणि तेलाचे मोहन घालून बट्टीचे पीठ भिजवतात, त्याचे गोळे वाफवून कापतात आणि तळतात. पानात ती बट्टी कुस्करून तिच्यावर तुरीचे वरण आणि तूप घ्यायचे. पाचशे माणसांना सुमारे तीस किलो डाळ लागली आणि ते वरण दोन शंभरी गंजांत मावले. पितळेचा जाड बुडाचा गंज असला की वरण खाली लागत नाही, हे आचारी पुन्हा पुन्हा सांगत होता. शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या गंजात भाजी होती. तिच्याजवळ एक माणूस सराटा घेऊन सतत उभा करावा लागला, तरी तळाला करपल्याचा थोडा वास आलाच. भांडेघराने पुढे जी खरेदी करायची ती पितळेची किंवा जाड बुडाच्या स्टीलचीच करावी आणि ते पातळ, पोचे आलेले अ‍ॅल्युमिनियमचे गंज मोडीत काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पितळेला कल्हई लागते आणि इथे ती दरवर्षी होते, ही मोठी गोष्ट आहे. दिवाळीनंतर कल्हईवाला येतो, पारासमोर खड्डा खणून भाता लावतो, गंज तापवून त्यात नवसागर टाकतो आणि कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पुसून काढतो. पांढऱ्या धुराचा तो वास आला की शाळेतली मुले सुटीत तिकडे धावतात. काळा पडलेला गंज क्षणात आतून चांदीसारखा होतो, ते पाहायला मीही दरवर्षी थांबते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचा पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्यांना त्रास होतो, म्हणून कढी पितळेत करायची नाही अशी ताकीद आबा प्रत्येकाला देतात आणि कढीसाठी स्टीलचे पातेले वेगळे देतात. इतकी काळजी भाड्याच्या भांड्यांची कोण घेतो?

भांड्यांवर नावे घातलेली आहेत. जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे आहेत, नव्यांवर मशीनने कोरलेली. बहुतेक ठिकाणी आईवडिलांच्या स्मरणार्थ असा मजकूर आहे. एका मोठ्या परातीच्या काठावर मात्र कोणाचेच नाव नाही. तिथे फक्त 'गावाच्या लेकींकडून, सन १९८७' असे ठोकलेले आहे. ती परात कोणी कोणी मिळून दिली हे म्हाताऱ्या बायकांना अजून आठवते. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींनी आपापल्या ओवाळणीतून पैसे काढले होते. आमच्या पुतणीच्या हळदीला पीठ त्याच परातीत मळले गेले. घासून घासून 'लेकींकडून' यातला 'ले' जवळजवळ पुसला गेला आहे आणि बोट फिरवले तरच तो लागतो. या परातीची अक्षरे एकदा पुन्हा ठोकून घ्यावीत, अशी माझी चालकांना विनंती आहे.

भांडेघराची नोंदवही हे माझ्या दृष्टीने गावातले सर्वांत विश्वासाचे वर्तमानपत्र आहे. कोणत्या तारखेला कोणी काय नेले आणि कशासाठी नेले, एवढेच तिच्यात लिहिलेले असते, पण पाने चाळली की गावाचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. वैशाखात पानामागून पान लग्नांचे. आषाढी एकादशी झाली की चातुर्मासामुळे लग्ने थांबतात आणि पुढे सप्ताह, काला, कानबाई या देवीचा सण. मार्गशीर्षात पुन्हा गडबड. कोणाच्या घरी सुरतेहून मुले आली, कोणाचे नवे घर झाले, कोणाचा नवस फिटला, हे सगळे गंज-कढयांच्या हिशोबातून कळते. वही चाळताना मला २०२० सालची पाने लागली. मार्चअखेरीपासून वैशाख संपेपर्यंत एकही लग्न नाही, एकही पंगत नाही. मध्येच मे महिन्यात एक ओळ आहे : दोन गंज, एक कढई, सहा बादल्या, खिचडीसाठी, महामार्गावर. सुरत-नागपूर महामार्ग आमच्या भागातून जातो आणि त्या दिवसांत त्या रस्त्याने माणसे पायी गावाकडे निघाली होती. त्यांत आमच्याच खानदेशातली, सुरतेच्या कारखान्यांत कामाला गेलेली पोरेही होती. त्या ओळीपुढे भाड्याचा रकाना रिकामा आहे.

भाड्याचा रकाना रिकामा ठेवण्याची दुसरी वेळ मी स्वतः अनुभवली. सासूबाई गेल्या त्या रात्री दीड वाजला होता. दिरांनी आबांचे दार ठोठावले. आम्ही फक्त सतरंज्या मागितल्या होत्या. अर्ध्या तासात सतरंज्यांबरोबर पाण्याचे पिंप, अंघोळीच्या पाण्यासाठी घंगाळ, चहाचे पातेले आणि पन्नास पेले ओट्यावर येऊन पडले. आमचे डोके चालत नव्हते, काय लागेल हे कोणाला सुचत नव्हते, आणि ज्याला सुचायला हवे होते त्याला ते सुचले. मयताच्या दिवशी भाडे घ्यायचे नाही हा गावाचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी भाऊबंदांनी कडू घास, म्हणजे मयताच्या घरी द्यायचे जेवण, आणला, तोही याच बादल्यांतून. दहाव्याच्या जेवणाची भांडी मात्र रीतसर भाड्याने घेतली आणि ती मोजणी लग्नाच्या मोजणीइतकीच काटेकोर झाली, हे मला फार योग्य वाटले. दुःखाच्या घरी हिशोब ढिला ठेवला असता तर आम्हालाच पुढे ओशाळे वाटले असते.

सणांच्या बाबतीत इथे जी जाण दिसते तिच्याविषयीही लिहायला हवे. मटणाच्या जेवणाची भांडी पूर्ण वेगळी आहेत, त्यांच्या कडीला लाल रंगाची खूण आहे आणि ती खोलीच्या मागच्या खणातच राहतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा सुरत-मुंबईकडे गेलेले भाऊबंद गावी येतात, नैवेद्याच्या रोटांचे दळण होते, आणि त्या घरी जाणारी भांडी आबा आदल्या दिवशी चिंचेने घासून, उन्हात वाळवून वेगळी काढून ठेवतात. आखाजीसाठी मांडे भाजायची दोन मोठी मातीची खापरेही इथे आहेत. पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे करायचे तर मांडा हातावर वाढवत न्यावा लागतो आणि एका झटक्यात खापरावर टाकावा लागतो. ही कला येणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. म्हणून खापर हवे असेल तर मांडे कोण करणार ते आबा विचारतात आणि ओळखीचे नाव ऐकल्याशिवाय खापर देत नाहीत. काही तरुण मुलींना हे जाचक वाटते. मला त्यांचेही पटते, कारण खापर हातात आल्याशिवाय मांडे शिकणार कसे? एखादे तिसरे खापर शिकणाऱ्यांसाठी ठेवले तर दोन्ही गोष्टी साधतील.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : भांडेघर चालवणाऱ्या सात जणांत एकही बाई नाही. भांडी घासतात बायका, पीठ मळतात बायका, कोणत्या कढईचा कान ढिला झाला आहे आणि कोणत्या झाऱ्याचा दांडा हातात फिरतो हे ठाऊक असते बायकांना; खरेदी ठरवताना मात्र त्यांना कोणी विचारत नाही. परिणाम असा की मागच्या खरेदीत आलेल्या बादल्यांच्या कड्या इतक्या बारीक आहेत की गरम वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरताना बोटे कापतात. वाढणाऱ्या मुलांनी शेवटी कडीला रुमाल गुंडाळले.

दुसरी तक्रार गॅसच्या शेगड्यांची. गेल्या काही वर्षांत तीन मोठ्या शेगड्या घेतल्या आहेत, पण त्यांच्या नळ्या जुन्या होऊन कडक झाल्या आहेत. आमच्या आचाऱ्याने एक नळी पाहताच ती वापरायला नकार दिला आणि आम्ही चर खणून लाकडावर स्वयंपाक केला. नळ्या बदलायला फार खर्च नाही. हे काम पुढच्या लग्नसराईची वाट न पाहता व्हावे.

उन्हाळ्यात पाण्याचीही अडचण होते. भांडेघरामागची कूपनलिका एप्रिल-मेमध्ये आटते आणि नेमकी तेव्हाच लग्ने असतात. भांडी घासून परत द्यायची असा नियम असल्यामुळे टँकर आणणारे घर नीट घासून देते आणि ज्याला ते परवडत नाही ते काजळी राहिलेलीच भांडी आणते. आम्हाला मिळालेल्या एका कढईला बाहेरून आधीच्या कार्याची काजळी होती. त्याबद्दल आबांना दोष देता येणार नाही, पण भाड्याच्या पैशांतून उन्हाळ्याचे दोन महिने एक टाकी भरून ठेवणे अशक्य नाही.

हे सगळे सांगूनही, स्टीलच्या ताटांसाठी तरी प्रत्येकाने इथेच यावे असे मी आग्रहाने म्हणेन. राज्यात २०१८ पासून थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांना बंदी आहे, तरी लग्नानंतर पांझरेच्या वाळूत त्यांचे ढीग दिसतात आणि पुराच्या पहिल्या पाण्याबरोबर ते बंधाऱ्याला जाऊन अडकतात. "घासायला माणसे कुठून आणायची?" असे विचारणाऱ्यांना मी आमचा हिशोब सांगते. पाचशे ताटे आठ बायकांनी दोन तासांत घासली, त्यांना योग्य मजुरी दिली, आणि ती मजुरी धरूनही खर्च वापरून फेकायच्या ताटांएवढाच आला. चुलबंद आमंत्रण देऊन अख्खे घर जेवायला बोलवायचे आणि हातात फुंकरीने उडणारी ताटली द्यायची, हे मला पाहवत नाही.

भांडेघर सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ उघडे असते. मयताला वेळेचे बंधन नाही. गावातल्या घरांना अनामत नाही, बाहेरगावच्यांना एक हजार रुपये अनामत आणि गावातल्या एका माणसाची सही लागते. वैशाखातले लग्न असेल तर गुढीपाडव्याच्या आतच तारीख लिहवून घ्यावी आणि मोठे पितळी गंज हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे वाट्याला येतात. खापरासाठी चैत्रातच बोलून ठेवावे. आणि मोजणीला जाताना घरातली दोन माणसे जावीत, हाताशी तासभर मोकळा ठेवून.